चार बोटांची पायरी

ओढ्यावरचा लाकडी साकव दोन्ही काठांकडून एकाच आठवड्यात पुरा झाला आणि मधोमध चार बोटं चुकला.

चूक कुणाची यावर गावानं बरीच तोंडाची वाफ दवडली. अलीकडचे म्हणाले, पलीकडचा भाग उंच बसलाय. पलीकडचे म्हणाले, अलीकडचा खाली बसलाय. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही कारणच नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे छत्रीवाले आणि पलीकडे खुर्चीवाले. ही निवडणुकीतली चिन्हं. निवडणूक होऊन गेली, पाट्या उतरल्या, चिन्हं मात्र माणसांना चिकटून राहिली. पूर्वी बापाचं नाव सांगितलं की ओळख पुरी व्हायची. आता बापाचं नाव सांगितलं तरी समोरचा आणखी काहीतरी ऐकायला थांबायचा.

पुरानं जुना साकव नेला होता, पाण्यातला दगडी खांब तेवढा जागेवर ठेवला होता. निवडून आलेला दुकानदार छत्रीवाला. तो ओट्यावर बसून म्हणाला, "पलीकडच्यांनी मतं खुर्चीला दिली ना? मग बसावं की खुर्चीत निवांत. साकव कशाला हवा?" हे बोलणं पलीकडे जायला साकवाची गरज पडली नाही. तिकडे निवडणूक हरलेला गिरणीवाला पिठानं माखलेले हात झटकत उठला. "आमचा अर्धा आम्ही बांधू. त्यांच्या एका खिळ्याचे मिंधे होणार नाही." असं मग ठरलं. काठापासून खांबापर्यंत ज्याचं त्यानं बघायचं.

अलीकडचा अर्धा सुतारानं बांधला. पलीकडचा त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. सुताराच्या हाताला लाकूड तासायचा वाकस धरायचं वळण लावलं ते याच दाजींनी. आई गेल्यावर आक्कानं धाकट्या भावाला आपल्या घरी नेलं, दाजींनी त्याला रंध्याशी बसवलं. पुढे वर्षानुवर्षं दोघांनी जोडीनं लाकडं कापली. असली ओढ्यावरची कामं असली की ते या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणायचे. एक टोक याच्या हातात, दुसरं त्यांच्या. या वेळी दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. दोघांनी आपापल्या काठावरून माप घेतलं.

आणि चूक सुताराला फळ्या ठोकायच्या आधीच दिसली होती. तो खांबावर उकिडवा बसला होता. समोर हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर दाजी तसेच बसले होते. दोन तुळयांची तोंडं समोरासमोर येऊन वरखाली झाली होती. सुतारानं दाजींकडे पाहिलं. दाजी खिळ्यांच्या डब्यात पाहू लागले. सुताराला वाटलं, म्हातारा बोलेल, चूक त्याची आहे. एक शब्द बोलला असता तर दिवस मावळायच्या आत पाचर मारून उंची जुळली असती. कुणीच बोललं नाही. सुतारानं फळी घेतली आणि ठोकली. समोरूनही हातोड्याचा आवाज सुरू झाला.

हा अबोला निवडणुकीचा, असं लोक समजत. खरं तर तो एका खुर्चीचा होता.

सुतारानं आपलं वेगळं कामाचं छप्पर घातलं तेव्हा दाजींनी त्याला एक खुर्ची करून दिली होती. हात टेकायला रुंद, पाठ जराशी कललेली. आक्का भावाकडे आली की तिच्यावरच बसायची आणि भुशातून पाय फिरवत घरच्या गोष्टी सांगायची. निकालाच्या दिवशी छत्रीची पोरं गुलालानं लाल होऊन छपरात शिरली. त्यांना मिरवणुकीसाठी मोडकी खुर्ची हवी होती. मोडकी नव्हती. सुताराला जिंकल्याची नशा चढली होती. त्यानं हसत हसत तीच खुर्ची आडवी घातली आणि करवतीनं तिचा एक पाय कापून दिला. पोरांनी ती काठीला लटकवून वाजतगाजत नेली आणि पलीकडे दाजींच्या दारावर टांगली. गर्दीत सुतारही होता. दारात आक्का उभी होती. तिनं खुर्ची ओळखली. कुणाला शिवी दिली नाही. टाचा उंचावून तिनं ती खाली काढली आणि आत घेऊन गेली.

त्यानंतर दाजी या काठाला आले नाहीत. आक्का मात्र येत राहिली. परसातली भाजी नाहीतर चार लिंबं पदरात घेऊन यायची, भावजयीच्या हाती द्यायची. छपरात बसायला खुर्ची नव्हती, म्हणून उंबऱ्यावर टेकायची. सुतार रंधा मारत राहायचा. बोलायला तोंड नव्हतं त्याला, आणि ते कबूल करायचं धाडसही नव्हतं.

साकव झाल्यावर पायरीची सगळ्यांना सवय झाली. अलीकडून जाताना चार बोटं चढायचं, पलीकडून येताना चार बोटं उतरायचं. डोक्यावर ओझं असलेल्या बाया मधे येऊन थांबायच्या, पायानं चाचपायच्या आणि दोन्ही सुतारांचा उद्धार करून पुढे जायच्या. सायकलवाले उतरून सायकल उचलायचे. दुकानदाराला कुणी म्हणालंच तर तो म्हणायचा, "आपला अर्धा सरळ आहे बघ. पाणसळ लावून बघ." पलीकडे गिरणीवालाही हेच सांगायचा. पाणसळ लावली तर दोन्ही अर्धे खरंच सरळ होते.

थंडी पडायला लागली तशी आक्काची नजर अधू व्हायला लागली. एका दुपारी ती आली, उंबऱ्यावर जरा टेकली. सुतार चौकटीला खाच पाडत होता.

"खोकला कसाय तुझा?" आक्कानं विचारलं.

"बराय."

"भुसा नाकात जातो. फडकं बांधत जा."

"हं."

ती थोडा वेळ बसली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "येते रे," म्हणाली. पूर्वी सुतार तिला साकवापर्यंत सोडायला जायचा. तिचा हात धरून नव्हे, नुसता बरोबर, बोलत बोलत. निकालापासून ते थांबलं होतं. त्या दिवशीही तो वर न बघता "हं" म्हणाला. पटाशीवर लाकडी हातोडी मारली. खाच सरळ पडली.

जरा वेळानं ओढ्याकडून बायांचा गलका आला. सुतार धावला तेव्हा आक्का मधल्या खांबापाशी फळ्यांवर पडली होती. अंगठा दाजींच्या फळीच्या कडेला अडकला होता. एक चप्पल खाली पाण्यात गेली होती. ती ओरडत नव्हती. तोंड पांढरं पडलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा साडी पायांवर ओढून घेत होती. पलीकडून दाजी आले. दोघांनी मिळून तिला बाजेवर घेतलं. दवाखान्याची गाडी अलीकडच्या रस्त्यावर येणार होती, म्हणून बाज अलीकडे वळवली. पायरी उतरताना बाज तिरकी झाली आणि तेव्हा आक्का पहिल्यांदा कण्हली. ते कण्हणं दोघांनी ऐकलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जोडलं, पण पाय आखूड झाला आणि त्यात जोर भरला नाही. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात काठीनं फिरतील, तेवढ्यात समाधान माना.

आक्काला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराची बायको घरातलं आवरून पाट घेऊन निघाली.

"कुठं?" सुतारानं विचारलं.

"साकवावर."

"काय करायला?"

"बसायला. तुम्ही बांधलंय ते बघायला." ती एवढंच म्हणाली आणि गेली.

ती पायरीशी पाट टाकून बसली. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांना हात द्यायची, बायांच्या डोक्यावरचं ओझं धरायची, कुणी बाळ घेतलेली असली तर बाळ पलीकडे देऊन मग आईला घ्यायची. छत्री की खुर्ची हे तिनं कुणाला विचारलं नाही. पहिल्या दिवशी लोक हसले. दुकानदारानं निरोप पाठवला, असा तमाशा मांडू नका. तिनं निरोप्यालाच हात देऊन पायरी चढवलं. पलीकडच्या बाजारातून त्याला मिरच्या आणायच्या होत्या.

काही दिवसांनी दुपारच्या वेळी गिरणीवाल्याची सून आली. उन्हात उभी राहून म्हणाली, "वहिनी, तुम्ही जेवून या. तोवर मी बसते."

"घरचे बोलतील तुम्हाला."

"बोलतातच. इथं बसले तर निदान ऐकू येत नाही."

मग बायांनी पाळ्याच लावल्या. सकाळी अलीकडची, दुपारी पलीकडची. पाट तिथंच राहायचा. पाळी बदलताना दोघी जरा वेळ बरोबर बसायच्या, आणि बरोबर बसल्यावर बाया गप्प कशा राहतील? गिरणीवाल्याच्या जात्याचा आवाज हल्ली बिघडलाय हे अलीकडे कळलं. दुकानदाराच्या आईला रात्री दिसत नाही हे पलीकडे कळलं. तिला दवाखान्यात न्यायला पलीकडची एकजण बरोबर गेली. पुरुष हे सगळं बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते.

शेवटी एका सकाळी दोन्हीकडच्या बायांनी घराघरात सांगितलं, आज प्रत्येक घरातून एक माणूस साकवावर येईल. पुढाऱ्यांनी आलं तरी चालेल, पण बोलायचं शेवटी. दोन्ही काठ भरले. आधी थोडं उणंदुणं निघालंच. मग कुणीतरी म्हणालं, पाचर मारा आणि सोडवा एकदाचं. यावर प्रश्न आला, पाचर कुणाच्या अर्ध्यात मारायची? अलीकडचा भाग उचलला तर छत्री चुकली असं ठरणार, पलीकडचा उतरवला तर खुर्ची. पुन्हा आवाज चढले. गिरणीवाल्याची सून पाटावर उभी राहिली.

"अर्धे नकोतच," ती म्हणाली. "अर्ध्यांनीच घात केलाय. काठापासून काठापर्यंत एकच तुळई टाका."

तेवढं लांब लाकूड गावात एकच होतं. पुरात उन्मळून ओढ्यावर आडवं पडलेलं झाड. मुळं अलीकडे, शेंडा पलीकडे. दोन्हीकडच्यांनी ते आपलं म्हटलं होतं, म्हणून कुणालाच हात लावता आला नव्हता. पडल्या जागी ते छान वाळलं होतं. पण लाकडाच्या वखारीपर्यंत एवढा ओंडका नेणारी वाट नव्हती, आणि तुकडे केले तर एकसंध तुळई निघणार नव्हती. तो जागेवरच मोठ्या करवतीनं चिरायला हवा होता. ती करवत दोघांची. एक वर उभा, एक खाली. आणि एकमेकांची ओढ माहीत असलेली जोडी गावात एकच होती. सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. दाजी तिथं आलेच नव्हते.

सुतार पायरी चढून पलीकडे गेला. निकालानंतर त्या दाराशी तो पहिल्यांदा उभा होता. आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. दाजी तिच्या काठीच्या टोकाला रबर बसवत होते.

"ये," आक्का म्हणाली. "बस."

बसायला खाली सतरंजी होती. तो बसला. "दाजी, करवत धरायचीय."

दाजींनी रबर आणखी घट्ट केलं. "माझी नजर गेलीय. आखलेली रेघ दिसत नाही. मी वर उभा राहू शकत नाही आता."

करवतीवर वरचा माणूस मोठा. रेघ त्यानं सांभाळायची, खालच्यानं नुसतं ओढायचं आणि भुसा अंगावर घ्यायचा. इतकी वर्षं दाजी वर आणि सुतार खाली असंच होतं.

"मग राहू दे," सुतार म्हणाला. "तुमच्या डोक्यावर भुसा पाडायला मला जमणार नाही."

दाजींनी पहिल्यांदा मान वर केली. "पाडलायस की आधीच. आता निदान कामाचा पाड."

आक्कानं तोंड भिंतीकडे वळवलं. सुतार सतरंजीचे धागे उपसत राहिला. माफी मागायची ती याच वेळी मागायची होती, पण ती राहून गेली. दाजी उठले आणि करवतीला तेल लावायला मागे गेले.

ओंडका लाकडी घोड्यांवर चढवायला दोन्ही काठांचे लोक लागले. दोर अलीकडचे, पहारी पलीकडच्या. दुकानदार आणि गिरणीवाला एकाच दोराला दोन बाजूंनी लागले होते. ओंडका हलेना तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "अहो, तुम्ही निवडून आलात, जरा जास्त ओढा." आणि लोक हसले, दुकानदारही हसला.

सुतार वर चढला. खाली दाजी डोक्याला फडकं बांधून उभे राहिले. पहिली ओढ बरी गेली, दुसरीला करवत वाकली, तिसरीला अडकली. थंडीतही सुताराला घाम फुटला. इतकी वर्षं तो खाली राहिलेला; वर आल्यावर सगळी करवत आपणच चालवायची असं त्याच्या हातांनी धरलं होतं.

"ढकलू नकोस," खालून दाजी म्हणाले. "आपली पाळी ओढायची. दुसऱ्याची पाळी असली की हात सैल सोडायचा. हे शिकवलं होतं तुला."

"शिकवलं होतं."

"मग सोड."

त्यानं हात सैल सोडले. करवत खाली गेली, वर आली. हळूहळू तो जुना आवाज लागला, जो घरी आक्काला ऐकू जायचा आणि त्यावरून ती चुलीवर आधण ठेवायची. भुसा दाजींच्या फडक्यावर, पापण्यांवर, उघड्या खांद्यांवर पडत होता. ते डोळे मिटून ओढत होते. दंडाची कातडी सैल पडली होती. दर थोड्या वेळानं सुतार काही ना काही निमित्त काढून थांबायचा, कधी पाचर बसव, कधी रेघ फुंक. दाजींना ते कळत होतं. ते पाणी प्यायचे आणि पुन्हा उभे राहायचे.

एकदा असंच थांबले असताना सुतार वरून म्हणाला, "दाजी, खांबावर बसलो होतो तेव्हा मला दिसलं होतं. तुळया जुळत नव्हत्या ते."

दाजी डोळ्यांतला भुसा पदरासारख्या सोडलेल्या फडक्याच्या टोकानं काढत राहिले. "मलाही दिसलं होतं," ते म्हणाले. "मी म्हणलं, तू लहान आहेस, तू बोलशील."

दोघांनी करवत धरली.

तुळई निघाली. बसवायच्या आधी ओढ्यावरून दोरी ताणली, एक टोक याच्या हातात, एक त्यांच्या. दोन्हीकडच्या जुन्या फळ्या उपसून एकाच ढिगात टाकल्या, मग कोणती कुणाची हे कळेना आणि कुणी विचारलंही नाही. त्याच फळ्या नव्या तुळईवर ठोकल्या आणि साकव सपाट झाला. दुकानदारानं एकदा उद्घाटन केलं, गिरणीवाल्यानं दुसऱ्यांदा. लोक दोन्हींना गेले आणि दोन्हींचा चहा प्याले. छत्री आणि खुर्ची काही गावातून गेली नाहीत, पण आता ती मतपेटीच्या दिवसापुरती ठेवावी असं बरेच जण म्हणायला लागले. पाट सुताराची बायको घरी घेऊन आली.

आक्काला अलीकडे यायचं होतं. तेवढंच तिनं मागितलं होतं. काठीनं एवढ्या लांब येणं होणार नव्हतं. दाजी आतून एक खुर्ची घेऊन आले. तीन पायांची. इतके दिवस ती त्यांनी माळ्यावर ठेवली होती, जाळली नव्हती. सुतारानं ती मांडीवर घेतली. पाय कापलेल्या जागी त्याच्याच करवतीची रेघ होती, अगदी सफाईदार. त्यानं तुळईच्या उरलेल्या लाकडातून नवा पाय घडवला. तो पिवळाधमक निघाला, बाकीची खुर्ची काळपट. रंग लावून मिळवता आला असता. आक्का म्हणाली, राहू दे.

खुर्चीखाली दोन दांडे बांधून दोघांनी तिला अलीकडे आणलं. ती छपरात बसली, भुशातून धड पाय फिरवला, सुताराच्या तोंडाला फडकं नाही म्हणून त्याला रागावली, भावजयीच्या हातचं जेवली. ऊन कलल्यावर म्हणाली, "येते रे."

"चल, सोडतो," सुतार म्हणाला.

दाजी पुढे, तो मागे. साकवावर कुणीकुणी बाजूला सरून वाट देत होतं. मधल्या खांबापाशी आल्यावर दाजींनी पाय उचलला, पायरी चढावी तसा. खाली सपाट फळी. पाय दणकन आपटला आणि खुर्ची हिंदकळली. सुतारानं दांडे सावरले, पाऊल पुढे टाकलं, आणि त्याच जागी त्याचाही पाय आपसूक उचलला गेला.

"अरे," आक्का हात घट्ट धरून म्हणाली, "काढलीत ना ती?"

"काढली, आक्का."

"मग?"

सुतारानं खाली फळीकडे पाहिलं. "जरा टेकवा," ती म्हणाली. दोघांनी खुर्ची टेकवली. तिनं वाकून हात फळीवर फिरवला, पुढे आणि मागे, अधू नजरेला दिसत नव्हतं ते बोटांनी बघितलं. कुठेच काही लागलं नाही.

"हेच आधी केलं असतंत," ती म्हणाली, "तर मी चालत आले असते रे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुताराला सोपं गेलं असतं. तो तसाच उभा राहिला. खाली ओढा पातळ झाला होता, दगड उघडे पडले होते. दाजी पाठमोरे होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"उचल," ते म्हणाले.

त्यानं उचललं.